माती कुठे थांबवायची?

लीक किती दिवस टिकते, हा प्रश्न आमच्याकडे वारंवार येतो. शेतकरी विचारतात, पॅकहाऊसवाले विचारतात, हॉटेलांना माल देणारे पुरवठादार तर विचारतातच. दुसरा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारते: टिकलेले लीक खायला निर्धोक आहे, हे कशावरून ठरवायचे? आपल्या व्यवसायात या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच समजले जाते. पात हिरवीगार, दांडा टणक, वास ताजा, म्हणजे माल चांगला. हे समीकरण चुकीचे आहे आणि लीकच्या बाबतीत ते इतर बहुतेक भाज्यांपेक्षा जास्त चुकीचे आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. म्हणून थंडीच्या हंगामाच्या तोंडावर हे सविस्तर लिहीत आहोत.

आधी टिकवणक्षमतेचे पाहू. लीक शून्य अंश सेल्सियसला आणि ९५ टक्क्यांहून जास्त आर्द्रतेत ठेवले, तर दोन ते तीन महिने राहू शकते. उणे ०.७ अंशाच्या आसपास ते गोठू लागते, त्यामुळे थर्मोस्टॅटवर डोळा ठेवावा लागतो, एवढेच. पालेभाज्यांशी झगडणाऱ्यांना हा आकडा स्वप्नवत वाटेल. पण आपल्याकडची अडचण शून्य अंश गाठण्याची नाही, ते किती उशिरा गाठले जातात याची आहे. तापमान दहा अंशांनी वाढले की भाजीचा श्वसनाचा वेग दुपटी-तिपटीने वाढतो. सकाळी काढलेले लीक दुपारपर्यंत बांधावर, मग टेम्पोत ताडपत्रीखाली, मग बाजारात पहाटेपर्यंत, असा प्रवास करून शीतगृहात पोहोचते, तेव्हा त्याच्या आयुष्यातले बरेच दिवस वाटेतच खर्च झालेले असतात. पुढे कितीही चांगली थंडी दिली तरी ते परत येत नाहीत. काढणीनंतर काही तासांत मालाच्या अंगातली उष्णता काढणे, हेच खरे काम. त्यासाठी जगभर थंड पाणी, बर्फाचा चुरा किंवा निर्वात शीतकरण वापरतात. लहान शेतकऱ्याला यातला बर्फच परवडतो, आणि म्हणून बर्फाबद्दल एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये अखाद्य बर्फ निळसर रंगवणे सक्तीचे केले. ज्या मालावर बर्फ थेट पडतो त्यासाठी निळा बर्फ कधीही वापरू नये. पांढरा बर्फसुद्धा कोणत्या पाण्याचा आहे, हे विचारून घ्यावे.

काढल्यावरही लीक जिवंत असते, वाढत असते. आडवे ठेवले तर शेंडे वर वळतात आणि दांडा वाकडा होतो, म्हणून जास्त दिवस ठेवायचे तर उभे ठेवावे. शेंडे छाटून पाठवलेल्या मालात आणखी एक खूण दिसते, ती माल उतरवून घेणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असावी. छाटलेल्या टोकातून आतली फिकट, कोवळी पाने पुढे सरकून बोटभर बाहेर आलेली दिसली, तर छाटणी होऊन बरेच दिवस झाले आहेत किंवा मधे कुठेतरी शीतसाखळी तुटली आहे, असे समजावे. पुरवठादार ‘कालचाच माल आहे’ म्हणत असला तरी टोक खोटे बोलत नाही.

पिकणाऱ्या फळांशेजारी लीक ठेवू नये. इथिलीनमुळे पात पिवळी पडते, दांडा मऊ होतो, कूज वाढते. उलट बाजूने लीकचा वास फळांना लागतो आणि त्यात द्राक्षे व अंजीर ही विशेष नाजूक. नाशिकची द्राक्षे किंवा पुरंदरचे अंजीर ज्या खोलीत ठेवता, तिथे चार क्रेट लीक सरकवण्याचा मोह आवरा. हे नुकसान पैशाचे आहे, आरोग्याचे नाही, म्हणून यावर अधिक लिहीत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे. थंडीने लीक ताजे राहते. थंडीने लीक स्वच्छ होत नाही. शीतगृहात जंतूंची वाढ मंदावते, पण ते मरत नाहीत. लिस्टेरिया मोनोसायटोजेनिस हा मातीत सर्रास सापडणारा जीवाणू तर चार अंशालाही सावकाश वाढत राहतो. गर्भवती स्त्रिया, वृद्ध आणि आजारी माणसे यांना त्याचा धोका सर्वाधिक. म्हणजे सहा आठवडे उत्तम थंडीत राहिलेले, दिसायला देखणे लीक काढणीच्या दिवशीच्या लीकपेक्षा निर्धोक असेलच असे नाही. आणि लीक हे मातीचेच पीक आहे. पांढरा दांडा लांब मिळावा म्हणून आपण पिकाला पुन्हा पुन्हा मातीची भर लावतो. पाने वरच्या बाजूला उघडी असतात, त्यामुळे भर लावताना आणि पावसात उडालेली माती थरांमध्ये उतरते, तिथेच बसते, वरून पान वाढते आणि ती आत कोंडली जाते. बाहेरून पुसून लख्ख दिसणाऱ्या दांड्यात तिसऱ्या-चौथ्या थराखाली काळी रेघ सापडते, ती हीच.

या मातीने काय होऊ शकते, याचे सर्वांत बोलके उदाहरण ब्रिटनमधले आहे. डिसेंबर २०१० ते जुलै २०११ या काळात इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये ई. कोलाय ओ१५७ या जीवाणूने सुमारे अडीचशे लोक आजारी पडले. ऐंशीच्या आसपास लोकांना रुग्णालयात दाखल करावे लागले, एकाचा मृत्यू झाला. रुग्ण देशभर विखुरलेले, एका हॉटेलात किंवा एका समारंभात जेवलेले नव्हेत. आजारी आणि निरोगी लोकांच्या खाण्याची तुलना करणारा पहिला अभ्यास कशावरच बोट ठेवू शकला नाही. मग तपास करणाऱ्यांनी प्रश्नांची दिशा बदलली. काय खाल्ले याबरोबरच घरात कोणी काय हाताळले, कसे विकत आणले, हेही तपशिलात विचारले. दुसऱ्या अभ्यासात चित्र उलगडले: आजारी पडलेल्यांच्या घरांत सुटे, वेष्टनाशिवाय विकत घेतलेले लीक आणि पोत्यातले बटाटे हाताळले गेल्याचे प्रमाण निरोगी लोकांच्या घरांपेक्षा कितीतरी जास्त होते.

लीक आणि बटाटे ब्रिटनमध्येही शिजवूनच खातात. शिजवलेल्या पदार्थात ओ१५७ टिकत नाही. मग आजार आला कुठून? हातांतून, पाटावरून, सुरीवरून, सिंकमधून. भाजीला चिकटलेली माती स्वयंपाकघरात आली आणि तिथून अशा पदार्थापर्यंत गेली असणार जो पुढे शिजणार नव्हता. हा जीवाणू शंभराहून कमी संख्येनेही माणसाला आजारी पाडू शकतो, त्यामुळे मातीचा डोळ्याला न दिसणारा अंशही पुरतो.

आपल्या क्षेत्रात हे उदाहरण जितके माहीत असायला हवे तितके नाही, आणि याची आम्हाला मनापासून खंत वाटते. गेल्या हंगामात एका मोठ्या स्वयंपाकघरात माल उतरवून घेताना पाहण्याचा योग आला. लीकचे क्रेट टेम्पोतून थेट तयारीच्या टेबलावर आले. क्रेटच्या तळाला ओल्या मातीचा थर होता, तो टेबलावर गळत होता. एका मुलाने जुड्या रबरबँडसकट सिंकमध्ये बुचकळल्या, झटकल्या आणि बाजूला ठेवल्या. त्याच सिंकमध्ये, त्याच पाण्यात पुढे पुदिना पडला. तो चटणीसाठी होता. तिथल्या मुख्य शेफना आम्ही हे दाखवले तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “साहेब, लीक आम्ही कच्चे कुठे देतो? सगळे सूपमध्ये उकळते.” त्यांचे म्हणणे लीकपुरते खरे होते. पुदिना मात्र उकळणार नव्हता.

रबरबँडचा उल्लेख मुद्दाम केला. २००३ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात एका उपाहारगृहात जेवलेल्या सहाशेहून अधिक लोकांना अ प्रकारची कावीळ झाली, तिघे दगावले. कारण ठरली मेक्सिकोहून आलेली कांद्याची पात, लीकचे सख्खे भावंड. तपासात पुढे आलेला स्वयंपाकघरातला तपशील वाचताना आपल्याच एखाद्या किचनचे वर्णन वाचतो आहोत असे वाटते. पातीच्या जुड्या बर्फाबरोबर यायच्या. त्याच बर्फासह बादलीत उभ्या करून पाच दिवसांपर्यंत ठेवल्या जायच्या. धुताना जुडी सोडली जात नसे, रबरबँड तसाच ठेवून वरवर पाणी घातले जाई. मग यंत्रावर बारीक चिरून ती पात आणखी दोन दिवसांपर्यंत फ्रिजमध्ये ठेवली जाई आणि कच्चीच वाढली जाई. विषाणू पातीवर उपाहारगृहात येण्यापूर्वीच पोहोचला होता. पण बर्फाच्या त्या एकाच बादलीत एका जुडीचा विषाणू दुसरीला मिळायला पूर्ण मोकळीक होती, आणि बांधलेल्या जुडीच्या आत धुण्याचे पाणी पोहोचतच नव्हते. थंडी उत्तम होती, पात ताजी होती.

तेव्हा प्रश्न टिकवण्याचा जेवढा आहे तेवढाच माती कुठे थांबवायची याचा आहे. प्रत्येक जण ती पुढच्यावर ढकलतो. शेतकरी म्हणतो बाजारात झटकतील, आडते म्हणतात हॉटेलात धुतील, हॉटेलवाले म्हणतात शिजवल्यावर काय राहते. आमचे म्हणणे असे की मातीचा मोठा भाग शेतातच राहिला पाहिजे आणि उरलेला स्वयंपाकघराच्या दारात थांबला पाहिजे. मधल्या कुठल्याही टप्प्यावर पाण्याशी खेळ नको.

शेतात सुरुवात खतापासून होते. ओ१५७चे मूळ घर गुराढोरांचे आतडे आहे. पूर्ण कुजलेले शेणखत लागवडीपूर्वी घालण्याला आमचा अजिबात विरोध नाही, उलट लीकसारख्या चार-सहा महिने जमिनीत राहणाऱ्या पिकाला त्याची गरजच असते. आक्षेप आहे तो उभ्या पिकाला, भर लावण्याच्या वेळी, ताजी शेणस्लरी किंवा शेणापासून केलेली द्रावणे देण्याला. ती माती दांड्याभोवती चढते आणि थरांत उतरते. अमेरिकेच्या सेंद्रिय शेतीच्या नियमांत, ज्या पिकाचा खाण्याचा भाग मातीला लागतो त्याला कच्चे शेणखत दिल्यापासून काढणीपर्यंत किमान १२० दिवस जावे लागतात. आपल्याकडे जीवामृत वापरणाऱ्या शेतकऱ्यांची श्रद्धा आणि मेहनत दोन्हींबद्दल आम्हाला आदर आहे. त्यांनी लीक, कांद्याची पात, मुळा, गाजर या पिकांपुरता तरी हा अंतराचा नियम स्वतःला लावून घ्यावा, अशी आमची कळकळीची विनंती आहे.

काढणी कोरड्यात करावी. मुळांची माती झाडावी, मुळे छाटावीत, पण बुंध्याची चकती कापू नये. ती कापली की थर सुटे होतात आणि जंतूंना दार उघडे मिळते. बाहेरची दोन पाने सोलून शेतातच टाकावीत. एवढ्याने बरीच माती गाडीत चढतच नाही. धुवायचे की नाही, यावर मतभेद आहेत. युरोपातल्या पॅकहाऊसमध्ये लीक जोरदार फवाऱ्याखाली धुतात, दिसायला ते फार सुंदर दिसते. पण त्यांच्याकडे पिण्याच्या दर्जाचे पाणी असते, त्याची नियमित तपासणी होते आणि माल लगेच थंड खोलीत जातो. आपल्याकडे शेततळ्यातल्या किंवा ओढ्याच्या पाण्यात माल बुचकळणे म्हणजे चार दांड्यांची घाण चारशे दांड्यांना वाटणे आहे. त्यातही ऊन लागलेला, गरम झालेला माल थंड पाण्यात बुडवला की तो कापलेल्या भागातून पाणी आत ओढून घेतो, आणि आत गेलेला जंतू नंतर कशानेही धुतला जात नाही. म्हणून ज्याच्याकडे तपासलेले पाणी नाही त्याने लीक शेतावर धुऊच नये. कोरडे सोललेले, थोडी माती असलेले लीक हे घाणेरड्या पाण्यात धुतलेल्या चकचकीत लीकपेक्षा कितीतरी चांगले. बाजारात दर तासाला माल ताजा दिसावा म्हणून पाणी शिंपडण्याची पद्धत तर आजच बंद व्हायला हवी. लीकचा आकार वर उघडा आणि खाली बंद, त्यामुळे वरून शिंपडलेले पाणी थेट थरांत उतरते आणि तिथे कूज सुरू होते.

आता स्वयंपाकघर. माल उतरवून घेण्याच्या जागी मातीच्या भाज्यांसाठी वेगळे टेबल, वेगळा पाट, वेगळे सिंक असावे. जागा नसेल तर वेळ वेगळी असावी: मातीच्या भाज्या आधी सोलून, धुऊन, आत ठेवून, सिंक घासून निर्जंतुक केल्याशिवाय कोथिंबीर-पुदिन्याला त्या सिंकजवळ आणू नये. पुरवठादाराचे क्रेट आत येऊ नयेत, माल दारातच आपल्या स्वच्छ क्रेटमध्ये घ्यावा. आज लागणार नाही ते लीक न धुता, सैल पिशवीत गुंडाळून, फ्रिजच्या सर्वांत खालच्या कप्प्यात ठेवावे. वर ठेवले तर त्याची माती खालच्या तयार पदार्थांवर झडते, आणि हे अगदी नामांकित ठिकाणीही होताना दिसते.

धुण्याची पद्धत ठरलेली असावी. जुडी सोडायची. बाहेरचा थर काढायचा. बुंध्यापासून चार बोटे सोडून दांडा वरपर्यंत उभा चिरायचा, चौकोनी तुकड्यात हवा असेल तर दुसरी चीर आडव्या बाजूने. मग शेंडा खाली आणि बुंधा वर धरून वाहत्या पाण्याखाली एकेक थर बोटाने उलगडायचा, म्हणजे माती बाहेरच्या दिशेने वाहून जाते. उलटे धरले तर ती बुंध्याकडे जाऊन बसते. चकत्या करून धुवायच्या असतील तर त्या भरपूर पाण्यात मोकळ्या कराव्यात आणि हाताने वर उचलून घ्याव्यात. भांडे चाळणीत ओतले की तळाशी बसलेली माती पुन्हा त्याच चकत्यांवर येते.

क्लोरीनबद्दल मोठा गैरसमज आहे. ५० पीपीएम क्लोरीनच्या पाण्यात भाजी बुडवण्याची शिफारस आपल्याकडे सर्वांना माहीत आहे आणि ती योग्यच आहे. पण गढूळ पाण्यात क्लोरीन मातीवरच खर्च होते, जंतूंसाठी उरतच नाही. सकाळी सात वाजता तयार केलेल्या टबात दहा वाजता किती क्लोरीन शिल्लक आहे, हे पट्टीने तपासल्याशिवाय कळत नाही. आधी माती पूर्ण धुऊन, मग थर मोकळे करून क्लोरीनमध्ये, मग पिण्याच्या पाण्याने पुन्हा खळखळून. हा क्रम उलटा झाला तर तो टब केवळ मनाचे समाधान आहे.

चिरलेले लीक पाच अंशांखाली झाकून ठेवावे आणि दोन-तीन दिवसांत संपवावे. शिजवलेल्या लीकची गोष्ट वेगळी आहे. शिजल्यावर लिस्टेरिया, ओ१५७ मरतात, पण मातीतल्या क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनमचे बीजाणू उकळण्यालाही दाद देत नाहीत. बटर किंवा तेलात मंद आचेवर परतलेले लीक त्याच चरबीखाली, कोमट चुलीशेजारी तासन्‌तास ठेवले की हवा मिळत नाही, आम्लता नसते, ऊब असते, आणि बीजाणूंना नेमके हेच हवे असते. १९८३ मध्ये अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या पिओरिया गावी परतून मार्गरीनमध्ये कोमट ठेवलेल्या कांद्याने २८ जणांना बोट्युलिझम झाला. त्याआधी १९७१ मध्ये लीक-बटाट्याच्या व्हिशिस्वाझ या सूपच्या नीट न तापवलेल्या डब्यांमुळे न्यूयॉर्कजवळ एकाचा जीव गेला. परतलेले लीक ६० अंशांवर गरम ठेवा किंवा उथळ ट्रेमध्ये पसरून झटपट थंड करून पाच अंशांखाली न्या, मधली अवस्था नको. तेलात मुरवलेल्या लीकच्या बरण्या शेल्फवर मांडण्याची जी नवी हौस दिसते आहे, तिला आमचा ठाम विरोध आहे.

शेवटी पैशाचा विषय, कारण बाकी सगळे त्यावर अडते. शेतकरी मुळे, माती, बाहेरची पाने आणि लांबलचक शेंडा ठेवून माल पाठवतो, कारण त्याला वजनावर पैसे मिळतात. सोलून, छाटून पाठवणाऱ्याचे वजन घटते, मजुरी वाढते आणि भाव मात्र तोच राहतो. म्हणजे आजच्या पद्धतीत आपण मातीलाच भाव देतो आणि स्वच्छ काम करणाऱ्याला दंड करतो. हॉटेलांच्या खरेदी विभागांनी यंदाच्या हंगामापासून लीकच्या मागणीपत्रात तीन गोष्टी लिहाव्यात: मुळे छाटलेली, बाहेरची दोन पाने सोललेली, शेतावर न धुतलेली किंवा तपासलेल्या पाण्यात धुतलेली. आणि अशा मालाचा भाव घटलेल्या वजनाच्या व वाढलेल्या मजुरीच्या हिशेबाने वेगळा ठरवावा. किचनमध्ये सोलण्यावर जाणारे मनुष्यतास आणि कचऱ्यात जाणारे वजन मांडून पाहिले, तर हा वाढीव भाव बहुतेक ठिकाणी तिथल्या तिथे वसूल होईल. ज्या गटांनी किंवा खरेदीदारांनी असा करार केला असेल किंवा यंदा करतील, त्यांनी प्रतिकिलो छाटणीचा खर्च, घट आणि ठरलेला भाव आम्हाला कळवावा. जानेवारीच्या अंकात ते आकडे, नावे न देता, तक्त्यात छापू.